चिखलातला लेपा

पापलेट चपटे आणि लेपाही चपटा, एवढ्यावरून दोघांना एका पंक्तीत बसवणारे पुष्कळ भेटतात. बाजारात दोघेही आडवेच पडलेले असतात, तेव्हा गैरसमज साहजिक आहे. पण पापलेट आडवे होते ते मेल्यावर. जिवंतपणी ते इतर चारचौघा माशांसारखे उभे पोहते : पाठ वर, पोट खाली, डावीकडे एक डोळा, उजवीकडे एक. लेपा मात्र जिवंतपणीच कुशीवर आडवा झालेला असतो. उजवी कूस चिखलाला टेकलेली, डावी वर, आणि दोन्ही डोळे त्या वरच्या बाजूला. ताटातल्या लेप्याची आपण ज्याला पाठ म्हणतो ती त्याची पाठ नव्हे आणि ज्याला पोट म्हणतो ते पोटही नव्हे. त्या त्याच्या दोन कुशी. पापलेटाला महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान दिला. लेपा अजून वाटा लावून विकला जातो, आणि कोळणीशी घासाघीस करताना गिऱ्हाईक त्याच्याकडे पुरते पाहतही नाही.

हे पुस्तक त्याच्याकडे नीट पाहण्यासाठी आहे. लेप, लेपा, गोव्यात लेपो, खाली कर्नाटकाच्या किनाऱ्यावर नंगु, मलबारात मांतळ अशा नावांनी ओळखला जाणारा हा मासा एका जातीचा नाही. सायनोग्लोसस या प्रजातीतल्या अनेक जाती आपल्या किनाऱ्यावर सापडतात. काही हातभर लांब होतात, काही टीचभर राहतात. इथे आपल्याला मुख्यतः टीचभर राहणाऱ्या जातीची गोष्ट सांगायची आहे. शास्त्रीय नाव सायनोग्लोसस मॅक्रोस्टोमस, इंग्रजीत मलबार सोल. बाजारात येणारे बहुतेक दहा ते पंधरा सेंटिमीटरचे असतात, सतरा-अठराच्या पुढे जाणारा विरळा. मोठ्या जाती सोडून ही लहानखुरी जात निवडण्याचे कारण तिची संख्या. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः मलबार आणि दक्षिण कर्नाटकाच्या पट्ट्यात, पावसाळा सरताच हा मासा किनाऱ्यालगतच्या उथळ चिखलात इतक्या मोठ्या प्रमाणावर येतो की त्याची स्वतंत्र मासेमारी उभी राहिली. ताजा खपला नाही तर तो वाळूवर पसरून सुकवला जातो. दुसरे कारण असे की या जातीचा अभ्यास फार लवकर आणि फार चांगला झाला. त्या अभ्यासाकडे आपण येऊच, पण आधी शरीर.

लेप्याचे शरीर म्हणजे तळाला चिकटून राहण्याच्या एका हट्टासाठी केलेल्या तडजोडींची यादी आहे. छातीचे पर नाहीत. पाठीचा, शेपटीचा आणि खालचा पर मिळून कडेने एकच अखंड झालर झालेली. तिच्या लाटा सोडत तो जमिनीलगत सरकतो. माशांना पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी प्रौढ लेप्यात उरत नाही, कारण तरंगायचेच नसते. डोळे बारीक. थुंतर पुढून वळून तोंडावर आकड्यासारखे झुकलेले. वरची बाजू चिखलाच्या रंगाची, खालची पांढरी. सगळ्यात मजेची गोष्ट तोंडाची आहे : जबडा दोन बाजूंना सारखा नाही. दात असतात ते खालच्या, आंधळ्या बाजूला, म्हणजे जिथे खाणे आहे तिथे. डोळे वर पहारा करतात आणि तोंड खाली चिखलात काम करते. भक्ष्य शोधायला त्याला वास आणि स्पर्श पुरतो. गढूळ पाण्यात डोळ्यांवर विसंबून राहणारा प्राणी उपाशी मरेल.

चपट्या माशांच्या रंगबदलाच्या गोष्टी वाचकांनी ऐकल्या असतील. त्यातली गाजलेली गोष्ट लेप्याची नाही. १९९६ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी बोथस प्रजातीचे मासे बुद्धिबळाच्या पटासारख्या तळांवर ठेवले, तेव्हा त्या माशांनी दोन ते आठ सेकंदांत अंगावरची नक्षी तळाशी जुळवून घेतली. पुढे मेंदूविज्ञानात मोठे नाव झालेल्या या माणसाने माशांवरही काम केले होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. लेप्याला एवढी कारागिरी लागत नाही. तो अंग थरथरवून चिखलाची पातळ साय स्वतःवर ओढून घेतो आणि डोळे तेवढे बाहेर ठेवतो.

असा मासा जन्माला मात्र सरळ येतो. मादी अंडी पाण्यात सोडते. ती एक मिलीमीटरपेक्षाही लहान, पारदर्शक, आत तेलाचे बारीक थेंब असलेली अंडी पाण्याबरोबर तरंगत राहतात. घरटे नाही, राखण नाही. आपल्याकडच्या उबदार पाण्यात साधारण दिवसाभरात पिल्लू बाहेर पडते. ते काचेसारखे असते आणि त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो, कुठल्याही माशाच्या पिल्लासारखाच. या अवस्थेत ते तळाचे नाहीच. ते वरच्या पाण्यात प्लवकांमध्ये राहते, प्लवक खाते आणि प्लवक समजून खाल्ले जाते. अंगाची लांबी सेंटिमीटरभर होण्याच्या सुमारास सगळे पालटते. उजवा डोळा जागा सोडतो. कवटीची हाडे अजून मऊ असतात, ती वळतात, आणि डोळा कपाळावरून पलीकडे डाव्या बाजूला, आधीच्या डोळ्याच्या शेजारी येऊन बसतो. या उलथापालथीची सूत्रे अवटू ग्रंथीच्या संप्रेरकाकडे असतात. बेडकाच्या पिल्लाची शेपूट विरून त्याला पाय फुटतात तेही याच संप्रेरकाच्या हुकमाने. चपट्या माशांच्या पिल्लांना प्रयोगशाळेत हे संप्रेरक मिळू दिले नाही तर ती वाढतात, पण सरळच राहतात. डोळा सरकत असताना पिल्लू तिरके पोहू लागते, मग तळाकडे उतरते, आणि एकदा उतरले की पुन्हा वर राहायला जात नाही.

या सरकणाऱ्या डोळ्याने एकोणिसाव्या शतकात मोठे भांडण लावून दिले होते. ते थोडे विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. सेंट जॉर्ज मिव्हार्ट या प्राणिशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये डार्विनवर जो हल्ला चढवला, त्यात चपटा मासा हे त्याचे एक हुकमी शस्त्र होते. त्याचा प्रश्न बिनतोड वाटावा असा होता. उत्क्रांती जर बारीक बारीक पायऱ्यांनी होते, तर डोळा किंचित सरकलेल्या पहिल्या माशाला त्याचा काय फायदा? डोळा अजून खालच्याच बाजूला आहे, चिखलात रुतलेला आहे, मग थोडासा सरकून उपयोग कोणता? डार्विनने १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत याला उत्तर दिले. त्याने माल्म या स्वीडिश निरीक्षकाचा आधार घेतला : कुशीवर पडलेली कोवळी पिल्ले खालचा डोळा जोर लावून वर फिरवताना दिसतात, आणि मऊ कवटीवर त्या ताणाचा परिणाम होत असावा. मला हे उत्तर डार्विनच्या कमजोर उत्तरांपैकी एक वाटते. सवयीने घडलेला बदल पुढच्या पिढीत उतरतो, या कल्पनेकडे ते झुकते, आणि ती कल्पना पुढे टिकली नाही.

खरे उत्तर दगडात होते. इटलीत व्हेरोना शहराजवळ मोंते बोल्का नावाची जीवाश्मांची खाण आहे. तिथल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत माशांचे सुरेख ठसे सापडतात. त्यातले काही ठसे युरोपातल्या संग्रहालयांत कितीतरी वर्षे पडून होते. २००८ मध्ये शिकागोतल्या मॅट फ्रीडमन या तरुण संशोधकाने अ‍ॅम्फिस्टियम आणि हेटेरोनेक्टेस या दोन जीवाश्म माशांच्या कवट्या बारकाईने तपासल्या आणि दाखवून दिले की या प्रौढ माशांचा एक डोळा सरकलेला आहे, पण पुरता पलीकडे गेलेला नाही. तो डोक्याच्या माथ्याकडे चढून थांबला आहे. मिव्हार्टला अशक्य वाटणारा अर्धवट मासा खराखुरा जगला होता, वाढला होता. आणि अर्ध्या वाटेवरच्या डोळ्याचा उपयोग काय, याचा अंदाज घ्यायला जीवाश्मही लागत नाही. आपल्याच समुद्रात मिळणाऱ्या भारतीय हॅलिबटचा सरकलेला डोळा आजही डोक्याच्या कडेवरच असतो. त्याच्यात काही मासे डावे, काही उजवे निघतात. हा चपट्या माशांमधला सगळ्यात जुन्या वळणाचा मासा. लेपा त्या वाटेवरून फार पुढे आलेला आहे, इतका की त्याची डावी बाजू ठरून गेली आहे.

आता चिखल. या पुस्तकाचा खरा विषय तोच आहे, असे म्हटले तरी चालेल. किनाऱ्यापासून वीस-तीस मीटर खोलीपर्यंतचा मऊ तळ हे लेप्याचे घर आणि तेच त्याचे कोठार. वरून पाहणाऱ्याला तिथे काही दिसत नाही. खडकावर कालवे असतात, खाडीत तिवरे असतात, पुळणीवर खेकडे असतात. चिखलाला मात्र आपण रिकामा समजतो, आणि म्हणून बंदराच्या कालव्यातला उपसलेला गाळ टाकायला तीच जागा सोयीची वाटते. प्रत्यक्षात त्या चिखलाच्या वरच्या काही सेंटिमीटरांत केसाळ कृमींची दाट वस्ती असते. गांडुळाच्या या समुद्री भाऊबंदांपैकी काही दोऱ्याइतके बारीक असतात. नद्यांनी आणलेला आणि वरच्या पाण्यातून झिरपत आलेला कुजका माल खाऊन ते जगतात, आणि लेपा त्यांच्यावर जगतो. सोबत बारीक शिंपले, झिंग्यांचे लहानसहान नातलग, जे मिळेल ते. पण पोटाचा मुख्य आधार कृमीच.

हे इतक्या ठामपणे सांगता येते त्याचे श्रेय कोळिकोडच्या दोघांना. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. तिच्या कोळिकोडच्या वेस्ट हिल केंद्रावर जी. शेषप्पा आणि बी. एस. भीमाचार यांनी मलबार सोलचा पिच्छा पुरवला आणि १९५१ ते १९५५ या काळात त्यावरचे निबंध प्रसिद्ध केले. त्यांनी फक्त मासे मोजले नाहीत. मासा आणि त्याच्या खालचा चिखल दोन्ही एकत्र पाहिले, महिन्यामागून महिने. त्यातून जे निघाले ते जमिनीवरच्या माणसाला उलटे वाटेल. आपल्याकडे पावसाळा म्हणजे सुबत्तेचा आरंभ. मृगाचा पाऊस पडला की पेरण्या सुरू होतात. समुद्रतळावर त्याच वेळी दुष्काळ पडतो. उधाणाच्या लाटा उथळ तळ ढवळून काढतात, नद्यांचे गोडे पाणी आणि लोंढ्यांनी आलेला गाळ किनाऱ्यालगत पसरतो, आणि कृमींची ती दाट वस्ती उजाड होते. या दिवसांत लेपा उपाशी असतो आणि किनाऱ्याजवळ फारसा सापडत नाही. पाऊस ओसरला, पाणी निवळले की तळ पुन्हा वसू लागतो. कृमी झपाट्याने वाढतात आणि त्यांच्यामागून लेपे झुंडीने येतात. मलबारातला मांतळाचा हंगाम म्हणजे हेच दिवस.

या उपासाची नोंद लेप्याच्या अंगावर राहते. थंड देशांतल्या माशांच्या खवल्यांवर हिवाळ्यात वाढ मंदावल्याच्या खुणा उमटतात आणि त्यावरून वय मोजता येते, हे पूर्वीच माहीत होते. उष्ण समुद्रात हिवाळाच नाही, तेव्हा इथल्या माशांवर अशी वर्तुळे पडणार नाहीत किंवा पडली तर भरवशाची नसतील, असा समज होता. शेषप्पा आणि भीमाचार यांनी लेप्याच्या खवल्यांवर वर्षाला एक वर्तुळ पडते हे दाखवले, आणि ते पडते पावसाळ्यात, भुकेमुळे. ज्या लेप्याच्या खवल्यावर दोन वर्तुळे आहेत त्याने दोन पावसाळे काढले. असे थोडेच असतात. जाळ्यात येणारे बहुतेक लेपे एखाद-दुसऱ्या पावसाळ्याचेच असतात. माझ्या मते भारतीय मत्स्यशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या शोधांपैकी हा एक आहे. एखाद्या महागड्या माशावर तो लागला असता तर शाळेच्या पुस्तकात गेला असता.

पावसाळ्यात तळाशी आणखी एक गोष्ट घडते, आणि तिचा उलगडा पुढच्या पिढ्यांनी केला. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत पश्चिम किनाऱ्यालगत खोलातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. ते उथळ खंडमंचावर चढते, पण त्याच्या डोक्यावर पावसाचे आणि नद्यांचे हलके गोडे पाणी झाकणासारखे बसलेले असते, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. वरून पडणारे सेंद्रिय द्रव्य कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही संपवतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात वर्षानुवर्षे नियमित मोजमाप करून हे चक्र नोंदवले आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो, आणि कधी सडक्या अंड्याच्या वासाचा गंधकी वायूही तयार होतो. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये याविषयी जगाचे लक्ष वेधले. नोव्हेंबराच्या सुमारास किनाऱ्यालगतचा प्रवाह दिशा बदलून उत्तरेकडे वाहू लागतो आणि तळाला पुन्हा श्वास मिळतो. तळाशी राहणाऱ्या माशांना या गुदमरत्या पाण्यापासून दोनच वाटा मोकळ्या असतात : ते पाणी जिथवर पोचत नाही तिथे बाहेर, किंवा लाटांनी ढवळलेल्या अगदी उथळ भागात. पावसाळ्याच्या शेवटी लेपे किनाऱ्याशी गर्दी करतात ते केवळ खाण्यासाठी की मागून आलेल्या या पाण्याच्या रेट्यामुळेही, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा ठरतो. पुढच्या एका प्रकरणात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. मी स्वतः दोन्हींकडे झुकतो : भूक पुढून ओढते, पाणी मागून ढकलते.

केरळात आलप्पुळाच्या आसपास पावसाळ्यातच समुद्रात चाकरा लागते. तळाचा मऊ गाळ पाण्यात मिसळून लाटांचा जोर मारतो, आणि खवळलेल्या समुद्रात तेवढाच पट्टा शांत राहतो. होडी इतरत्र उतरवता येत नाही अशा दिवसांत तिथे मासेमारी चालते आणि जाळ्यांत मांतळही येतो. आपल्या कोकणात असे काही नाही. आपल्याकडे आगोट लागली की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची, अशी रीत.

या रीतीमागे एक ठाम समजूतही आहे : पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ, म्हणून मासेमारी बंद. बऱ्याच जातींच्या बाबतीत ती खरी आहे. लेप्याच्या बाबतीत ती लागू पडत नाही. त्याची वीण पावसाळा सरल्यावर, खाऊन-पिऊन अंगात ताकद आली की सुरू होते आणि पुढे कित्येक महिने चालते. म्हणजे केरळात १९८८ पासून पाळली जाणारी ट्रॉलबंदी काय किंवा आपल्याकडची जून-जुलैची बंदी काय, लेप्याची अंडी वाचवत नाही. ती वाचवते उपाशी दिवसांतल्या लेप्यांना आणि त्यांच्या तळाला, आणि हेही काही कमी नाही. पण बंदी उठते आणि लेपे किनाऱ्याशी येतात ते जवळजवळ हातात हात घालून. कोळंबीही त्याच चिखलात असते. कोळंबीसाठी तळ खरवडत जाणारे ट्रॉल जाळे लेप्याला वेगळा काढत नाही. लांबीने पुरते न वाढलेले लेपे त्यात बोटभर असताना येतात. ज्या माशाला आयुष्यात वीण साधायला एक-दोनच हंगाम मिळतात, त्याचा पहिला हंगाम चुकला की फारसे काही हाती उरत नाही. केरळ सरकारने ज्या माशांसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली, त्यांत हा टीचभर मासाही आहे. ज्याचा भाव कधी चढला नाही अशा माशाचे नाव त्या यादीत दिसावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

वाचकाला एक सूचना. जुने साहित्य चाळताना नावांचा घोळ आडवा येईल. हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात सायनोग्लोसस ही प्रजाती मांडली. फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ दरम्यान निघालेल्या भारतीय माशांच्या ग्रंथात सेमिफॅसिएटस ही जात वर्णिली, आणि नॉर्मन यांनी १९२८ मध्ये मॅक्रोस्टोमस वेगळी काढली. दोन्ही दिसायला इतक्या जवळच्या की मलबारातला मासा कितीतरी वर्षे सेमिफॅसिएटस म्हणूनच छापला गेला. शेषप्पा आणि भीमाचार यांच्या निबंधांच्या शीर्षकांतही तेच नाव आहे. त्यांचे मासे आज मॅक्रोस्टोमस मानले जातात. ए. जी. के. मेनन यांनी १९७७ मध्ये या प्रजातीचा जो सविस्तर आढावा घेतला, तो हा गुंता सोडवायला उपयोगी पडतो. या पुस्तकात जिथे नुसते ‘लेपा’ म्हटले आहे तिथे मॅक्रोस्टोमस समजावा. इतर जातींचा उल्लेख आला तर पूर्ण शास्त्रीय नाव दिले आहे. लांबी सगळीकडे थुंतरापासून शेपटीच्या टोकापर्यंतची आहे, आणि आकृत्यांत मासा डोळ्यांची बाजू वर ठेवून काढला आहे.